एपिस्कोपल चर्चमध्ये नव्या असोसिएट प्रीस्टचं स्वागत कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा: अहिल्यानगरला सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत वाढलेल्या एक ताई आता न्यू जर्सीतल्या एका एपिस्कोपल चर्चच्या (अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चच्या) सभासद आहेत. जानेवारीच्या वार्षिक सभेत त्या व्हेस्ट्रीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, निवडून आल्या. ऑगस्टमध्ये चर्चला नव्या असोसिएट प्रीस्ट (सहायक पाळक) येत आहेत, सोबत नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. स्वागताची जबाबदारी ताईंकडे आली आहे. त्या विचारतात, आपल्याकडे पाळक बदलून आले की हार, शाल, दोन शब्द आणि जेवण असतं. इथे काय करतात? त्यांना हाक काय मारायची? शाल दिलेली चालेल का? एखादं मराठी गीत गाता येईल का? आणि काय टाळावं?

ताई, मी नाशिकची. पेनसिल्व्हेनियातल्या एका एपिस्कोपल मंडळीत बावीस वर्षं आहे. दोनदा व्हेस्ट्रीवर होते, त्यातली तीन वर्षं सीनियर वॉर्डन (व्हेस्ट्रीची प्रमुख पदाधिकारी). या काळात आमच्याकडे चार असोसिएट आले आणि गेले. शेवटच्या दोघांचं स्वागत आम्हाला चांगलं जमलं. पहिल्या बाईंचं इतकं वाईट झालं की चौदा महिन्यांत त्या दुसरीकडे गेल्या, आणि त्यांच्या निरोपाच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. केकही होता, फुगेही होते, पहिल्या रविवारी टाळ्याही झाल्या होत्या. तरी त्या शेवटपर्यंत पाहुण्याच राहिल्या. तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी त्याच आठवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडची आणि इथली पद्धत मुळातच वेगळी आहे, ती आधी समजून घ्या. सीएनआयमध्ये पाळकांची बदली होते. बिशपांचा आदेश येतो, जुने पाळक जातात, नवे येतात, आणि मंडळी त्यांना आपले पाळक म्हणून उतरवून घेते. इथे रेक्टरना, म्हणजे मुख्य पाळकांना, व्हेस्ट्री निवडते. शोधसमिती नेमतात, महिनोन्महिने मुलाखती होतात, बिशपांशी सल्लामसलत होते. त्यामुळे रेक्टर येतात तेव्हा मंडळीला वाटतं, यांना आपण बोलावलं. असोसिएटचं तसं नाही. चर्चच्या कॅननप्रमाणे (नियमांप्रमाणे) सहायक प्रीस्टची निवड रेक्टर करतात. नाव आधी बिशपांना कळवावं लागतं, काही डायोसीजमध्ये (बिशपांच्या प्रांतांत) व्हेस्ट्रीची संमतीही लागते, पण निवड रेक्टरची, आणि असोसिएट काम करतात तेही रेक्टरच्या अधिकाराखाली. म्हणजे बाकावर बसणाऱ्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नसतं, त्यांच्यासाठी मत दिलेलं नसतं, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केलेली नसते. रेक्टरसाठी बिशप येऊन मोठा विधी होतो. असोसिएटसाठी बुलेटिनमध्ये चार ओळी येतात आणि कॉफी अवरला, म्हणजे उपासनेनंतरच्या चहापानाला, एक केक. ‘या आमच्या आहेत’ असं मंडळीने ठरवण्याचा क्षण त्यांच्या वाट्याला आपोआप येत नाही. तो कुणीतरी मुद्दाम घडवावा लागतो. तुमच्या समितीचं खरं काम हे आहे.

हा क्षण रविवारी सकाळी दिसला तरी त्याची तयारी कागदांपासून सुरू होते. तुम्ही व्हेस्ट्रीवर आहात, म्हणून या गोष्टी तुम्हाला विचारता येतील. पहिली, लेटर ऑफ ॲग्रीमेंट. पगार, सुट्टी, जबाबदाऱ्या सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि त्याला बिशपांची मान्यता लागते. पत्र रेक्टर आणि वॉर्डन तयार करतात, पण व्हेस्ट्री सभासद म्हणून एक गोष्ट नक्की बघा: उपदेश महिन्यातून किती वेळा, प्रभुभोजनाचा विधी किती वेळा, लग्नं आणि अंत्यविधी त्यांच्याकडे येणार का, हे लिहिलंय का? लिहिलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या पहिल्या असोसिएट तिशीच्या होत्या. दोन महिन्यांत संडे स्कूल, युवक गट, उन्हाळी बायबल शाळा आणि फेसबुकचं पान एवढं सगळं त्यांच्या गळ्यात पडलं, आणि उपदेशाची पाळी तीन महिन्यांतून एकदा आली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरुण बाई आहे, मुलांमध्ये रमेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. पण मंडळी ज्यांना वेदीपाशी आणि उपदेशपीठावर बघत नाही, त्यांना ती आपले प्रीस्ट मानत नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते.

दुसरा कागद हाउसिंग अलाउन्सचा. अमेरिकेच्या करकायद्यात पाळकवर्गाला घरखर्चाची ठरावीक रक्कम आयकरातून वगळता येते, पण ती रक्कम आधी ठरवलेली असली पाहिजे. व्हेस्ट्रीने ठराव करून इतिवृत्तात नोंदवल्यानंतर दिलेल्या पगारालाच ती सवलत लागू होते, मागच्या तारखेने ठराव करता येत नाही. त्या ऑगस्टमध्ये येणार असतील तर ठराव जुलैच्या सभेत व्हायला हवा. उन्हाळ्यात बऱ्याच व्हेस्ट्री सभा घेत नाहीत, म्हणून हे आत्ताच विचारा. शिवाय इथे प्रीस्ट आयकरापुरते नोकरदार असतात, पण सोशल सिक्युरिटीसाठी स्वयंरोजगारी धरले जातात, म्हणजे १५.३ टक्क्यांचा पूर्ण भार त्यांच्यावर पडतो, आणि त्यातून घरभत्ताही सुटत नाही. चर्चला त्यांच्या एकूण वेतनाच्या १८ टक्के रक्कम चर्च पेन्शन फंडात भरावी लागते. खजिनदारांना हे माहीत असतंच. तरी एका पगारात चूक झाली की नव्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात ओशाळवाणं होऊन पैशांबद्दल बोलावं लागतं, आणि ‘आम्ही तुमची वाट बघत होतो’ हे वाक्य तिथेच खोटं पडतं. पार्श्वभूमी तपासणी, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, दुसऱ्या डायोसीजमधून येत असतील तर बिशपांमधला पत्रव्यवहार, हे सगळं रेक्टर आणि डायोसीजचं कार्यालय बघतं. त्यात तुम्ही पडू नका.

मग खोली. आमच्या पहिल्या असोसिएटना जी खोली दिली तिच्यात नाताळच्या देखाव्याची खोकी, बंद पडलेला कॉपियर आणि कुणीतरी दान दिलेला सोफा होता. पहिला आठवडा त्यांनी खोकी उचलण्यात घालवला. दाराला तीन आठवडे आधीच्या असोसिएटचं नाव होतं. आता आम्ही जूनमध्येच खोली रिकामी करतो, भिंती रंगवतो (रंग त्यांना विचारून), पुस्तकांची कपाटं मोकळी ठेवतो, कारण प्रीस्ट लोकांकडे कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त असतात. येण्याच्या दिवशी ईमेल चालू असावा, अलार्मचा कोड कागदावर लिहिलेला असावा, बाहेरच्या फलकावर आणि संकेतस्थळावर नाव असावं. आणि चालणारी किल्ली हवी, सगळ्या दारांची. ज्या बाईंना आपल्याच चर्चचं दार उघडायला सेक्स्टनला (चर्चची देखभाल करणाऱ्याला) फोन करावा लागतो, त्या मनाने बाहेरच उभ्या राहतात.

घर लागत असताना काय करायचं याबद्दल आपल्या मनात एक पक्कं चित्र असतं: डबे घेऊन सगळ्यांनी जायचं. प्रेम तेच ठेवा, रीत थोडी बदला. आधी त्यांना लिहून विचारा, मुलांना कशाची ॲलर्जी आहे का, काय खातात, कुठल्या दिवशी जेवण पोचलं तर बरं. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड एक डबा पुरेसा होतो. रोज डबे आले की फ्रिज भरतो आणि टाकून द्यावं लागतं, त्याचं त्यांना वाईट वाटतं. डबा दारात द्यायचा, आत बोलावलं तरच जायचं. आम्ही एक पिशवी देतो, तिचं आमच्या तिसऱ्या असोसिएटच्या बायकोने फार कौतुक केलं होतं: दूध, अंडी, ब्रेड, कचऱ्याच्या पिशव्या, बल्ब, आणि एका कागदावर जवळचा दवाखाना, औषधांचं दुकान, मुलांचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, चांगला प्लंबर. न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे मुलांच्या नावनोंदणीची घाई असणार. त्याच शाळेत ज्यांची मुलं आहेत अशा एका कुटुंबाची ओळख ऑगस्टमध्येच करून द्या. मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशी एक तरी ओळखीचा चेहरा दिसू दे.

नवऱ्याबद्दल इथेच लिहिते. आपल्याकडे पाळकांच्या पत्नीकडून महिला मंडळ चालवण्याची, गाण्यात पुढे असण्याची, आल्यागेल्याचं बघण्याची अपेक्षा असते. माझ्या आईच्या पिढीने त्या बायकांना राबताना पाहिलंय आणि त्यांना कुणी एक पैसा दिला नाही. इथे प्रीस्टचा जोडीदार चर्चचा नोकर नाही. त्यांचे यजमान रविवारी येतील, कदाचित येणारही नाहीत. ‘तुम्ही कॉयरमध्ये गाता का’, ‘हिशोब बघाल का’ हे प्रश्न पहिले सहा महिने कुणीही विचारू नयेत, असं समितीत स्पष्ट ठरवा. मुलांनाही ‘पाळकांची मुलं’ म्हणून वेगळी वागणूक नको. ती धावली, रडली, बाकाखाली जाऊन झोपली तर इतर मुलांसारखीच.

आता पहिला रविवार. आदल्या दिवशी, शनिवारी, रेक्टर, ऑल्टर गिल्डमधल्या (वेदीची तयारी करणाऱ्या गटातल्या) एक अनुभवी बाई आणि असोसिएट यांनी चर्चमध्ये तासभर चालून बघावं. पायऱ्या कुठे आहेत, माइक कसा लागतो, शुभवर्तमान वाचायला खाली लोकांमध्ये येतात की वरूनच वाचतात, भाकर असते की वेफर, ग्लूटेन नसलेला वेफर कुठे ठेवतात, प्याला कोण धरतं. प्रत्येक एपिस्कोपल चर्चमध्ये १९७९ चंच प्रार्थनापुस्तक असलं तरी पाय कुठे ठेवायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आणि कपडे! आमच्याकडची चॅझुबलं (प्रभुभोजनाच्या विधीत घालायचे झगे) सगळी सहा फुटी पुरुषांच्या मापाची होती. पहिल्या रविवारी आमच्या बाई पायरी चढताना काठात अडकल्या, आणि ते सगळ्या मंडळीने पाहिलं. दुसऱ्या वेळी ऑल्टर गिल्डने महिनाभर आधी उंची विचारून दोन चॅझुबलांचे काठ दुमडून शिवले. कुणी त्याचा बोभाटा केला नाही, पण नव्या बाईंना ते अंगावर घालताक्षणी कळलं. आम्ही केलेल्या सगळ्या स्वागतात मला हे सर्वात जास्त आवडतं.

सकाळी आठच्या उपासनेला विसरू नका. स्वागताचा सगळा थाट साडेदहाच्या उपासनेला होतो आणि आठला येणारी वीस-पंचवीस वयस्क माणसं, जी बहुधा राइट वनच्या (प्रार्थनापुस्तकातल्या पारंपरिक विधीच्या) जुन्या भाषेत प्रार्थना करतात, त्यांना नव्या प्रीस्टचं नाव पुढच्या आठवड्यात कळतं. हीच माणसं पुढे आजारी पडणार, त्यांच्याच घरी प्रभुभोजन घेऊन जावं लागणार. त्यांच्यासाठी वेगळी कॉफी ठेवा, छोटीशी.

नावाच्या पट्ट्या सगळ्यांनी लावायच्या, दोन महिने, न चुकता. एका माणसाने दीडशे नावं लक्षात ठेवायची आणि दीडशे जणांनी एकच, हा हिशोब बरोबर नाही. जमलं तर फोटोंची यादीही द्या.

विधीबद्दल. प्रार्थनापुस्तकात पान ५५९ वर ‘नव्या सेवाकार्याचा आरंभ’ साजरा करण्याचा विधी आहे. तो मुख्यतः रेक्टरसाठी आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या सूचनेत इतर सेवकांसाठीही योग्य ते बदल करून वापरायची मुभा दिलेली आहे. त्यात मंडळीचे लोक एकेक वस्तू घेऊन पुढे येतात: बायबल, बाप्तिस्म्यासाठी पाणी, स्टोल (खांद्यावर घ्यायचा दीक्षेचा पट्टा), प्रार्थनेचं पुस्तक, आजाऱ्यांसाठी तेल, चर्चच्या किल्ल्या, कॅननचं पुस्तक, भाकर आणि द्राक्षारस. माझं मत असं की असोसिएटसाठी पूर्ण विधी करू नये. तो रेक्टरच्या कारभाराचा आरंभ म्हणून ओळखला जातो, आणि किल्ल्या व कॅनन दिल्याने कुणाचा अधिकार कुठवर यात गोंधळ होतो. पण त्यातला देण्याचा भाग रविवारच्या उपासनेत, सगळे एकमेकांना ‘शांती’ म्हणतात त्याच्या आधी, पाच मिनिटांत घेता येतो. रेक्टर हो म्हणाले तर असं करा: बायबल वाचक गटाच्या हातून, पाणी यंदा ज्या बाळाचा बाप्तिस्मा झाला त्याच्या आईबापांच्या हातून, तेल आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांच्या हातून, भाकर आणि द्राक्षारस आठच्या उपासनेतल्या एखाद्या आजोबांच्या हातून. म्हणजे ज्यांच्याबरोबर त्यांना काम करायचंय तीच माणसं पुढे येतात, आणि त्यांचे हात एकमेकांच्या हातांना लागतात. दीक्षाविधीत बिशप लोकांना विचारतात, या सेवेत तुम्ही यांना आधार द्याल का, आणि सगळे म्हणतात, देऊ. तसाच एक प्रश्न रेक्टरनी मंडळीला इथे विचारावा. आमच्याकडे तो विचारला तेव्हा उत्तराचा आवाज इतका मोठा आला की नव्या प्रीस्टना क्षणभर बोलता आलं नाही. मी ज्या क्षणाबद्दल वर लिहिलं तो हाच.

त्या नुकत्या सेमिनरीतून येत असतील तर एक शक्यता लक्षात ठेवा. इथे प्रीस्टची दीक्षा घेण्याआधी किमान सहा महिने डीकन (प्रीस्टच्या आधीच्या पायरीचे दीक्षित सेवक) राहावं लागतं. अशा वेळी त्या डीकन म्हणून येतात, स्टोल डाव्या खांद्यावरून तिरका घालतात, आणि प्रभुभोजनाचा विधी चालवू शकत नाहीत. पुढे प्रीस्टची दीक्षा कदाचित तुमच्याच चर्चमध्ये होईल. मग ते देणं-घेणं तेव्हासाठी राखून ठेवा.

हाक काय मारायची? त्यांनाच विचारा, आणि उत्तर बुलेटिनमध्ये छापा. कुणाला ‘मदर’ आवडतं, कुणाला नुसतं नाव, कुणाला ‘पास्टर’. लिहिताना नावाआधी रेव्हरंड येतंच. पुरुष रेक्टरना ‘फादर’ म्हणायचं आणि बाईंना नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायची, हे मात्र होऊ देऊ नका, त्या स्वतः म्हणाल्या तरच. यामागे इतिहास आहे. १९७४ साली फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना परवानगीशिवाय प्रीस्टची दीक्षा देण्यात आली, १९७६ च्या जनरल कन्व्हेन्शनने (चर्चच्या सर्वोच्च सभेने) स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली आणि ती १९७७ पासून अमलात आली. १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस संपूर्ण अँग्लिकन सहभागितेतल्या (इंग्लंडच्या चर्चशी नातं असलेल्या जगभरच्या चर्चच्या कुटुंबातल्या) पहिल्या स्त्री बिशप झाल्या, २००६ मध्ये कॅथरिन जेफर्ट्स शोरी या चर्चच्या प्रमुख बिशप झाल्या. म्हणजे आज मंडळीतल्या सत्तरीच्या लोकांनी हा सगळा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. उघड विरोध सहसा दिसत नाही. दिसतं ते असं: उपदेश झाल्यावर पुरुष रेक्टरशी लोक उपदेशाबद्दल बोलतात आणि बाईंशी केसांबद्दल, कानातल्यांबद्दल, आवाज बारीक येतो याबद्दल. मी स्वतः एकदा दारात उभी राहून बुटांचं कौतुक केलंय. त्या हसल्या, पण संध्याकाळी मला समजलं की त्यांनी तो उपदेश स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा केला होता. तेव्हापासून मी दारात फक्त ऐकलेल्या शब्दांबद्दल बोलते. समितीतल्या लोकांनाही हे सांगा, अगदी याच शब्दांत सांगितलं तरी चालेल.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, तुमच्या ‘काय टाळावं’चं उत्तर. नवे असोसिएट आले की रेक्टरवर नाराज असलेली माणसं त्यांच्याभोवती गोळा होतात. कुणाचं गाणं बदललं, कुणाला समितीतून काढलं, कुणाला रेक्टर दवाखान्यात भेटायला आले नाहीत. सगळे गोड बोलत येतात: ‘तुम्ही किती वेगळ्या आहात’, ‘पुढच्या रेक्टर तुम्हीच व्हायला हव्यात.’ हे त्यांच्यासाठी विष आहे. कॅननप्रमाणे असोसिएट रेक्टरच्या इच्छेनुसार काम करतात. रेक्टर गेले की त्यांचंही काम संपतं, मधल्या काळात व्हेस्ट्रीने विनंती केली तर त्या राहू शकतात, आणि नव्या रेक्टरना हवं असेल तर पुढेही. काही डायोसीजमध्ये असोसिएटनी त्याच चर्चचे रेक्टर होऊ नये असा दंडकही आहे. म्हणजे कौतुक म्हणून टाकलेलं एक वाक्य त्यांच्या नोकरीवर आणि रेक्टरशी असलेल्या विश्वासावर घाव घालू शकतं. आमच्या पहिल्या असोसिएटना घालवलं ते कामाच्या ओझ्याने कमी आणि याने जास्त. दोन कुटुंबांनी आपलं जुनं भांडण त्यांच्या खांद्यावरून लढलं, आणि आम्ही वॉर्डन असून गप्प बसलो. आता तक्रार घेऊन कुणी असोसिएटकडे गेलं की वॉर्डन त्या माणसाला सांगतात: चला, रेक्टरकडे जाऊ, मी बरोबर येते. बहुतेक तक्रारी त्या दाराशी पोचेपर्यंत अर्ध्या होतात. व्हेस्ट्री सभासद म्हणून हे एक वाक्य तुम्हीही पाठ करून ठेवा.

आधीचे असोसिएट लोकांना फार आवडायचे का? मग त्यांचा निरोप नीट झालाय ना, ते बघा. ज्यांना रडायला मिळालं नाही ते नव्या माणसावर रुसतात. आणि गेलेल्या प्रीस्टना लग्नासाठी, अंत्यविधीसाठी परत बोलवायचं नाही. ही इथली रीतही आहे, आणि ती बरोबर आहे.

पहिल्या सहा आठवड्यांत आठ-दहा जणांच्या घरगुती बैठका ठेवा, संध्याकाळी, चहा आणि काहीतरी खायला. प्रत्येकाने एवढंच सांगायचं: मी या चर्चमध्ये कसा आलो, आणि इथे राहण्याचं कारण काय. त्यांना प्रश्नपत्रिका देऊ नका, चर्चच्या भविष्याबद्दल तुमची दृष्टी काय वगैरे. त्यांनी ऐकायचं, दोन तासांनी घरी जायचं. शेवटच्या असोसिएटसाठी अशा सात बैठका झाल्या आणि सातव्यानंतर त्यांना मंडळीतलं एकेक घर आणि त्याचं दुःख ठाऊक होतं.

रेक्टरच्या परवानगीने त्यांच्या हाती एक पान द्या: गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी मृत्यू झाला आणि कोणत्या तारखेला, कोण अंथरुणाला खिळून आहे, कुणाकडे बाळ झालं, कुणाचं लग्न मोडलं. शेवटचं फक्त त्या घराने सांगायला हरकत नाही म्हटलं असेल तरच. वर्षश्राद्धाच्या दिवशी नव्या पाळकांचा फोन आला की ते घर त्यांचं होतं, हे आपल्याकडे जितकं खरं तितकंच इथे. नोव्हेंबरात ऑल सेंट्सच्या रविवारी गेलेल्यांची नावं वाचतात, ती त्यांना वाचायला द्यावीत असं रेक्टरना सुचवा.

शाल देता येईल, जरूर द्या, पण कॉफी अवरला आणि दोन वाक्यांत अर्थ सांगून. म्हणजे लोकांना कळेल की हा आपल्या मातीतला मान आहे. उपासनेत नको, तिथे त्यांच्या अंगावर दीक्षेची वस्त्रं असतात. माझ्या मनात मात्र दुसरंच आहे. पेंटेकॉस्टनंतर ॲडव्हेंटपर्यंत, म्हणजे साधारण जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, चर्चचा रंग हिरवा असतो, म्हणजे ऑगस्टमध्ये त्या हिरवाच स्टोल घालणार. आपला हिरवा खण आणा, त्याचे काठ लावून स्टोल शिवून घ्या, मापाला ऑल्टर गिल्डची मदत घ्या. आधी रेक्टरना आणि त्यांना विचारा, कारण स्टोल हे दीक्षेचं चिन्ह आहे आणि काही जणांना तो आपल्या माणसांकडूनच घ्यायचा असतो. आमच्या चौथ्या असोसिएटना असाच स्टोल दिला होता, त्या अजून दरवर्षी जूनमध्ये तो बाहेर काढतात.

खर्चाची फार चिंता करू नका. जेवण पॉटलक असावं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पोहे, समोसे, कोशिंबीर काहीही चालतं, तिखट किती ते पाटीवर लिहा. त्यांच्या दीक्षेची तारीख मात्र विचारून समितीच्या कॅलेंडरमध्ये घाला. प्रीस्ट लोक ती वाढदिवसापेक्षा जपतात, आणि त्या दिवशी एक कार्ड आलं की फार बरं वाटतं. तीन महिन्यांनी वॉर्डननी त्यांच्याबरोबर आणि रेक्टरबरोबर बसून ठरलेल्या पत्राप्रमाणे सुट्टीचा दिवस मिळतोय का हे विचारावं. नाताळच्या आदल्या रात्री तीन उपासना असतात, तेव्हा त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशीचं जेवण पोचवा.

मराठी गीत गाता येईल. सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च पूर्ण सहभागितेत आहेत (एकमेकांचे संस्कार आणि सेवक मान्य करतात), तेव्हा आपलं गीत तिथे परकं नाही. संगीताबद्दल शेवटचा शब्द रेक्टरचा असतो, म्हणून आधी त्यांना आणि मग संगीत दिग्दर्शकांना भेटा. प्रभुभोजनाच्या वेळी गायलेलं चांगलं, तेव्हा लोकांना ऐकायला अवकाश असतो. ना. वा. टिळकांच्या गीतांपैकी एखादं लहान निवडा, दोन कडवी पुरेत. बुलेटिनमध्ये अर्थ छापा आणि उच्चार इंग्रजी अक्षरांत द्या, म्हणजे ध्रुवपदाला सगळे साथ देतील. आपल्या चाली बहुतेक कानावरच्या असतात, इथल्या ऑर्गनवादकांना स्वरलिपी लागते. म्हणून तुम्ही किंवा घरातल्या कुणी पेटीवर सावकाश वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि जूनच्या आत त्यांच्याकडे द्या. त्यांना लिहून काढायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि जुलैत बरेचसे ऑर्गनवादक सुट्टीवर जातात.